आठ ओंडके, आठ झोळ्या

चुनहाबीन, २९ सप्टेंबर १९८८

हर्मेलिंदाताई,

साडेपाच वर्षांनी माझं अक्षर पाहून हे पाकीट चुलीत जायच्या आधी एवढं वाच, की आम्ही सगळे धडधाकट आहोत. वादळात घराचं अर्धं छप्पर गेलं, कोंबड्या गेल्या, मका आडवा झाला. रुफिना पोरींना घेऊन चर्चमध्ये होती, तिथल्या भिंती दगडी. मी घरीच थांबलो. का थांबलास म्हणशील, तर बाबांच्या मधमाश्यांसाठी. रुफिना म्हणते गाढवपणासाठी. दोन्हीत फार फरक नाही असंही तीच म्हणते.

तुमच्या पेतोकडे वारा कमी होता असं रेडिओवर ऐकलं. तुमच्याकडची झाडं उभी आहेत का? इथे रानात एका झाडाला पान उरलेलं नाही. चालताना आपण चुकून दुसऱ्याच गावात आलो असं वाटतं.

बाबांच्या तेरा पोकळ ओंडक्यांपैकी आतल्या माश्यांसकट नऊ शाबूत आहेत. माश्यांच्या झोपडीचं छप्पर उडालं, मांडणी कोसळली आणि सगळे ओंडके अंगणभर गडगडत गेले. चार फुटले, त्यात पाणी शिरलं. एक तर विहिरीच्या काठाला अडकलेला सापडला. वारा थांबला तसे मी एकेक उचलून पुन्हा मांडणीवर ठेवले. ओंडक्याच्या दारात पहाऱ्याची माशी दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. बाबा म्हणायचे ना, बाईसाहेब घरी आहेत की नाहीत ते दारावरचा एकटा पहारेकरी सांगतो. नऊच्या नऊ दारांत पहारेकरी आहेत. अंगात डंख नाही, एवढासा जीव, आणि असलं वादळ डोक्यावरून गेल्यावरही दारात डोकं घालून बसल्या आहेत. मी त्यांच्या जागी असतो तर केव्हाच पळालो असतो.

एक बारीकशी गोष्ट विचारायची होती. ओंडक्याची कुठली बाजू वर, हे दारावर कोरलेल्या फुलीवरून कळायचं. पावसाच्या माऱ्यात फुल्या पुसल्या गेल्या. दार पुढे आलं म्हणजे काम झालं असं नाही, हे मलाही ठाऊक आहे. दार पुढे ठेवूनही ओंडका डोक्यावर उभा राहू शकतो. तुला एखादी खूण आठवत असली तर लिही. नसली तरी काही अडत नाही.

त्या दिवशी जे बोलणं झालं ते झालं. एवढं सगळं उलटंपालटं झाल्यावर जुनं काय उगाळत बसायचं.

दोनातिआनो


चुनहाबीन, ११ ऑक्टोबर १९८८

ताई,

उत्तर आलं नाही. टपाल बंद असेल असं मी चार दिवस रुफिनाला सांगत होतो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "टपाल चालू आहे. माझ्या आईचं पत्र आलं."

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. खरं काय ते आता लिहितो, कारण क्रेसेन्सिओ आजोबांनी मला गावासमोर उघडं पाडण्याआधी स्वतःच उघडं पडलेलं बरं. आजोबांचे स्वतःचे आठही ओंडके वादळात गेले. ऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांना धड दिसत नाही, तरी काठी टेकत बाबांच्या माश्यांची चौकशी करायला आला. त्यांनी दाराच्या वर बोटं फिरवली.

"फुली कुठाय?"

"पावसानं पुसली, आजोबा."

"असं का? पाऊस हल्ली कोयत्यानं तासतो का रे?"

रुफिना परड्यात कपडे वाळत घालत होती, तिने मान वळवलीसुद्धा नाही. तिला सगळं माहीत होतं.

तू निघून गेलीस त्या आठवड्यातच मी कोयता घेऊन तेराच्या तेरा फुल्या तासून काढल्या आणि वरून चुना फासला. लोकांना सांगितलं, मुंग्या येऊ नयेत म्हणून. बाबांचा हात थरथरायला लागल्यावर त्या सगळ्या फुल्या तू कोरल्या होत्यास. तुझ्या हातची खूण रोज सकाळी मला बघायची नव्हती. ओंडके जागचे हलत नव्हते तोवर काही बिघडलं नाही. फुल्या लागतात त्या हलायची वेळ आल्यावरच, आणि वादळाने तेरा ओंडके एका दुपारीत हलवले.

अजून एक आहे. नऊ नव्हे, आठ उरलेत. तिसऱ्या ओंडक्यातला आवाज मला मंद वाटला. तो नक्की उलटा बसलाय असं मी ठरवलं आणि अंदाजाने फिरवला. आता तुला काय सांगायचं, तूच मला हे शिकवलंस: मेणाच्या एवढ्याशा कुपीत पातळ खाऊ असतो, त्यावर अंडं उभं तरंगतं, आणि कुपी उलटली की ते बुडतं. चार दिवसांनी दारातून वास आला. टोकाचं झाकण काढलं तर आत सगळं ओघळलेलं, आणि त्या वासावर चिलटांसारख्या बारीक माश्यांचा थवा घुसलेला. दोन दिवसांत ओंडका संपला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एक माशी मेली तरी पानात गुंडाळून पुरायची, ही आपल्या घरची रीत. त्या दिवशी मला केळीची सात पानं लागली. आजोबा शेजारी बसून होते. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "हर्मेलिंदा पोरीला लिही. ती ओळखेल."

उरलेल्या आठांतले काही सुलटे आहेत, काही उलटे. कुठले कोणते ते मला माहीत नाही. सुलटा फिरवला तर तो मारीन. उलटा तसाच ठेवला तर तो मरेल. उघडून बघावं तर त्या बारीक माश्या टपलेल्याच आहेत. म्हणून हात बांधून बसलोय. मला उत्तर देऊ नकोस हवं तर. त्यांच्यासाठी दे.

दोनातिआनो


चुनहाबीन, २७ ऑक्टोबर १९८८

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. त्यावर 'प्रिय' नाही, 'भावास' नाही, खाली नावही नाही. ठीक आहे. असल्या पत्राची माझी लायकी होती, त्याहून थोडं बरंच आलं म्हणायचं.

रुफिना वाचत होती आणि मी हात लावून तपासत होतो. "पहिला: उजव्या टोकाला गुडघ्यासारखी गाठ, ती खालच्या अंगाला." होती. "दुसरा: बाबांचा कोयता निसटला होता, त्याचा ओरखडा दाराच्या डावीकडे." चुना खरवडला, तर ओरखडा सापडला. "चौथा: मागच्या बाजूने हात फिरव, सुतारपक्ष्याने भोक पाडलेलं होतं, काळ्या मेणाने बुजवलंय, ते वर यायला हवं." ते खाली होतं. "सहावा मी आणि बाबांनी पावसात उचलून आणला होता, त्याच्या पोटाला दोरीचा वळ आहे." ताई, तो वळ माझ्या बोटाला लागला तेव्हा मी रुफिनाला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. साडेपाच वर्षं तू त्यांना पाहिलेलं नाहीस. मी त्यांच्यासमोर रोज सकाळी दात घासले, आणि मला एकाही ओंडक्याची गाठ ठाऊक नव्हती. फुटलेल्या चारांचंही तू लिहिलंयस. ते मी तोडून पेटवायच्या ढिगात टाकले होते. जाऊन पाहिलं तर प्रत्येकावर तू सांगितलेलं जिथल्या तिथे.

हिशोब असा निघाला: पाच सुलटे, तीन उलटे. चौथा, आठवा आणि अकरावा. आणि ज्या तिसऱ्याला मी फिरवून मारलं तो मुळात सुलटाच होता. हे तू लिहिलं नाहीस. खूण लिहिलीस आणि पुढे गेलीस. दया म्हणून तसं केलंस की मला माझं मलाच कळावं म्हणून, ते तू जाण.

मी बाह्या सरसावून तिन्ही उलटे सरळ करायला निघालो होतो. रुफिना ओरडली, "थांब, पुढचं पान राहिलंय." पुढच्या पानावर तू लिहिलंयस: "उलटे असतील त्यांना हात लावू नकोस. वादळाला महिना होऊन गेला. जुनी पिल्लं गेली ती गेली. जी राणी जगली, तिने त्या उलट्या घरातच आता नव्या कुप्या सरळ बांधून घेतल्या असतील. त्यांच्यासाठी वरची बाजू आता हीच. बाबांची खूण खरी करायला जाशील तर दुसऱ्यांदा मारशील. तुझ्या हाताला कधी गप्प बसता येत नाही."

मी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. मला वाटायचं माश्या राखणं म्हणजे जसं होतं तसं ठेवणं. तू त्यांच्या बाजूने विचार करतेस. बाबाही करायचे, पण त्यांना ते असं सांगता यायचं नाही.

खाऊ तू लिहिलंस तसाच देतोय. कोमट पाण्यात पातळ केलेला त्यांचाच मध, भोपळ्याच्या करवंटीत, वर गवताच्या काड्या, म्हणजे त्या बुडत नाहीत. तिन्ही अशक्तांना आधी. उजाडता ठेवायचा आणि लुटारू माश्या यायच्या आत उचलायचा. रुफिनाने थोरलीच्या बाळंतपणासाठी ठेवलेली मधाची बाटली आपणहून काढून दिली. म्हणाली, "बाळंतपण मार्चात आहे. यांचं आज आहे." तिने दिली म्हणून सांगतोय. मी मागायला घाबरत होतो.

दोनातिआनो


चुनहाबीन, २ नोव्हेंबर १९८८

ताई,

परवा वारलेल्या पोरांच्या आत्म्यांचा दिवस झाला, काल मोठ्यांचा. मोठ्यांच्या टेबलावर आई-बाबांचं जेवण मांडलं. मका कमी, कोंबडी शेजाऱ्याकडची, पण मातीच्या भट्टीत भाजलं सगळं रीतीप्रमाणे. हे पत्र पोरांच्या दिवसाबद्दल आहे.

मी सकाळी लवकर उठून लहान टेबलावर दोन छोट्या वाट्या ठेवल्या. रुफिनाने विचारलं, "या कोणाच्या?" मी म्हटलं, "एलोयची आणि नाझारियाची." तुझ्या पोरांची नावं माझ्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकली असतील. ती आत जाऊन अजून दोन वाट्या घेऊन आली. तेव्हा मला कळलं की ती दर वर्षी माझ्या पाठीमागे ठेवत होती, मी रानात गेल्यावर. पाच वर्षं घरात हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही. यंदा दोघांना दोन-दोन वाट्या चॉकलेट मिळालं.

आता मूळ गोष्ट. बाबा गेल्यावर नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला सगळं गाव आपल्या घरी होतं. तू फक्त दोन ओंडके मागितलेस. तेरांपैकी दोन. बाबा आजारी असताना तू नवऱ्याला सोडून सात महिने इथे राहिलीस, बाबांना भरवलंस, माश्यांना राखलंस, आणि मी त्या वेळी कानकूनला गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत होतो. मी म्हणालो, माश्या मुलाकडे जातात, ही रीत आहे. तेवढ्यावर थांबलो असतो तर रीत म्हणून खपलं असतं. पण तू म्हणालीस, "माश्यांना विचार त्या कोणाला ओळखतात," आणि लोक हसले. ते हसू मला झोंबलं. मग मी ते बोललो.

मी म्हणालो, जिच्या झोळीत पोर टिकत नाही तिच्या हाती माश्या कशा टिकतील.

लिहून ठेवलं, म्हणजे बोललोच नाही असं मला पुन्हा म्हणता येणार नाही. तू झोळीतलं तुझं गाठोडं उचललंस आणि जेवायलाही थांबली नाहीस. क्रेसेन्सिओ आजोबा उठून बाहेर गेले. मी मात्र ताठ मानेने पाहुण्यांना वाढत राहिलो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो पीळ मी पाच वर्षं जपला.

तुझ्या हाती माश्या टिकल्या, ताई. माझ्या हाती तेराचे तेराच राहिले, पाच वर्षांत मी एक ओंडका वाढवला नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नवा ओंडका महिन्यात रिकामा झाला. आणि आता त्यांना वाचवतंय ते तुझं पत्र. मला माफ कर असं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला माफ कर. नाही केलंस तरी पुढचं वाच.

इथे फूल नाही. पिवळी ताहोनाल फुलायला अजून दीड महिना आहे, आणि मोठ्या झाडांना मोहोर यायला किती वर्षं लागतील देव जाणे. मध संपत आलाय. अकराव्याच्या दारात काल दुपारभर पहारेकरी नव्हता, संध्याकाळी आला. तुमच्याकडे झाडं उभी आहेत असं तू सुतारपक्ष्याच्या भोकाबद्दल लिहिताना ओघात लिहून गेलीस, "आमच्याकडे अजून हाबीनचं झाड हिरवं आहे." ते वाक्य मी वीस वेळा वाचलंय.

त्यांना तुझ्याकडे घे. दोन नव्हे. आठही.

दोनातिआनो


चुनहाबीन, २१ नोव्हेंबर १९८८

ताई,

"आण. ट्रकच्या फळीवर ठेवून नको, झोळीतून आण." एवढंच लिहिलंस. पुरे आहे.

विल्बेर्त कांचे ठाऊक आहे ना, मक्याचा ट्रक चालवतो तो. त्याला म्हटलं, रविवारी पेतोपर्यंत यायचंय, आठ माणसांचं सामान आहे. तो म्हणाला, "माणसं कुठायत?" मी ओंडके दाखवले. मग म्हटलं, ट्रकमध्ये आडव्या बांबूंना झोळ्या टांगायच्या आणि प्रत्येकीत एक निजवायचा.

"दोनातिआनो, वादळात तुझ्या डोक्याला काही लागलं का रे?"

"रस्त्यात खड्डे आहेत. फळीवर आदळले तर पिल्लं बुडतील."

"माझ्या बायकोला दवाखान्यात नेलं तेव्हा ती फळीवर बसून आली."

"ती अजून तुला ते ऐकवते की नाही?"

"रोज," म्हणाला, आणि बांबू शोधायला गेला.

झोळ्या गोळा करायला मी घरोघरी गेलो. वादळानंतर लोकांकडे निजायलाच झोळ्या कमी, तरी कोणी नाही म्हटलं नाही. कारण विचारलं की मी खरं सांगत होतो: ताईकडे नेतोय. कोणी भुवया उंचावल्या, कोणी नुसतं हं म्हटलं. क्रेसेन्सिओ आजोबांनी स्वतःची एकुलती एक झोळी सोडून दिली. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही कुठे निजणार? म्हणाले, "म्हातारा चटईवर निजला तर मोडत नाही. अकराव्याला दे, तो हलका झालाय."

प्रत्येक ओंडका खाली-वर होऊ नये म्हणून रुफिनाने तिच्या जुन्या घागऱ्यांच्या पट्ट्या काढून बांधायला दिल्या. वरच्या बाजूला कोळशाने खूण केलीय, आत्ता जी वर आहे तीच. पहाटे दारं ओल्या मातीने बंद करणार. सूर्य तापायच्या आत निघू. मी मागे त्यांच्यात उभा राहीन, पुढे बसणार नाही.

तुझ्या दारात मी उतरलो तर चालेल की गल्लीच्या तोंडाशी थांबू, ते तू लिहिलं नाहीस. मी गल्लीच्या तोंडाशी थांबेन.

दोनातिआनो


चुनहाबीन, ४ डिसेंबर १९८८

ताई,

घरी पोहोचलो. झोळ्या ज्याच्या त्याला परत दिल्या. विल्बेर्त आता गावभर सांगत फिरतोय, की आयुष्यात पहिल्यांदा त्याने ताशी वीसने ट्रक चालवला आणि तरी मागून एक माणूस सारखा छपरावर हात आपटत होता, हळू, हळू. आठ तास लागले. प्रत्येक खड्ड्याला आठही झोळ्या एकदम डोलायच्या, आणि मी दोन हातांनी चार आणि छातीने पाचवी धरायचो.

तुला माहीत नसेल मी काय पाहिलं, कारण तुझी माझ्याकडे पाठ होती. तू गल्लीच्या तोंडाशी आलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. ट्रकमध्ये चढलीस आणि पहिल्या झोळीपाशी वाकून ओंडक्याला कान लावलास. मग दुसऱ्याला. असे आठही. मधेच बोटाने दोनदा टकटक करायचीस आणि थांबायचीस, जसं कोणी दार उघडायची वाट बघतं. गल्लीतली पोरं जमली होती, विल्बेर्त भरभरा बोलत होता, तुला काही ऐकू येत नव्हतं. अकराव्यापाशी तू खूप वेळ थांबलीस. मग तू नवऱ्याला म्हणालीस, "हिला आधी उतरव. दमलीय, पण आहे." मला जन्मभर कोणी कोणाचं इतकं नीट ऐकताना दिसलेलं नाही. बाबांचीही आठवण झाली नाही मला तेव्हा, खरं सांगतो. ते चांगले होते. तू त्यांच्या पुढे गेलीयस.

आठही मांडणीवर चढवून, दारांची माती काढून, पहिली माशी बाहेर येऊन घिरटी घालून परत आत गेल्यावर तू मला विचारलंस, "जेवलास का?"

मी हो म्हटलं. खोटं होतं. तुला ते कळलं आणि तू भाकऱ्या टाकायला बसलीस. मी सात खाल्ल्या. आपण दुसरं काही बोललो नाही, ते बरंच झालं. बोललो असतो तर मी पुन्हा काहीतरी चुकीचं बोलून बसलो असतो.

दोनातिआनो


चुनहाबीन, २० फेब्रुवारी १९८९

ताई,

तुझं पत्र मिळालं. या वेळी वर माझं नाव होतं. रुफिनाने ते मला दोनदा दाखवलं.

अकराव्याने तग धरला आणि चौथ्याची तू वाटणी करून नवा ओंडका बसवलास, हे वाचून मी परड्यात जाऊन एकटाच हसत होतो. नऊ झाले. माझ्या हाती पाच वर्षांत जे झालं नाही ते तू तीन महिन्यांत केलंस. क्रेसेन्सिओ आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वाटणी आत्ता? अजून मोठा मोहोर आला नाही, घाई केलीन." मग जरा वेळाने म्हणाले, "तिला दिसलं असेल काहीतरी."

तू लिहितेस, तुमच्याकडे आता ताहोनालने रान पिवळं झालं असेल, चार ओंडके परत पाठवते, माश्या बाबांच्या आहेत, तुझ्याही आहेत. रान पिवळं झालंय खरं. झोपडी मी नव्याने शाकारून ठेवलीय, मांडणीही केलीय. तुझं पत्र आल्यावर मी त्या रिकाम्या मांडणीसमोर जाऊन उभा राहिलो. चार ओंडके तिथे कसे दिसतील ते डोळ्यांसमोर आणलं, आणि मला ते फार हवेसे वाटले. हे तुझ्यापासून लपवत नाही.

पाठवू नकोस. पडलेली झाडं इथे वाळून कोळ झालीत. उन्हाळ्यात कोणाची विडी पडली तरी रान पेटेल, सगळे तेच म्हणतात. ते एक. आणि दुसरं असं, की त्या आता तिथल्या झाल्या. त्यांना रस्ते पाठ झालेत, कुठलं झाड कधी फुलतं ते कळलंय. मला बरं वाटावं म्हणून त्यांना पुन्हा आठ तास झोळीत घालायचं आणि पुन्हा पिल्लं गमवायची, असं तू कुठल्याही माणसाला करू दिलं नसतंस. मलाही देऊ नकोस.

परवा बाबांच्या सहाव्या वर्षाची प्रार्थना झाली. त्या नवव्या दिवशी होते ते बहुतेक सगळे आले, जे वारले ते सोडून. जेवणं झाली. विल्बेर्तचा काका म्हणाला, "काय दोनातिआनो, माश्या बहिणीकडे ठेवल्यात म्हणे. परत कधी आणणार?"

मी हात धुवून आलो होतो. उभा राहिलो. रुफिनाने हातातलं भांडं खाली ठेवलं, तिला वाटलं मी भांडणार.

मी म्हटलं, "ठेवलेल्या नाहीत. माझ्या बहिणीच्याच आहेत. बाबा गेले त्या दिवसापासून तिच्याच होत्या. सहा वर्षांपूर्वी इथेच, तुमच्या सगळ्यांसमोर मी तिला तिच्या पोरांवरून बोललो. ते खोटं होतं आणि नीच होतं. तेव्हा तुम्ही ऐकलंत, म्हणून आज हेही ऐका."

मी उभाच राहिलो. मग क्रेसेन्सिओ आजोबांनी काठी शोधली, उठले, आणि जेवलेल्या पानावरून मक्याचा शेवटचा वडा उचलून माझ्या हातात ठेवला. "खा," म्हणाले. "उभ्या उभ्या बोलायला ताकद लागते."

रुफिना म्हणते, हे तुला लिहू नकोस, ती रडेल. मी म्हटलं, तिच्यामागे बोललो होतो का? तिच्यासमोर बोललो होतो. तेव्हा हेही तिच्यापर्यंत पोहोचायला हवं.

तुझा भाऊ,
दोनातिआनो